दर वेळी तीन चुका

“थांबा सगळे. जरा हिच्याकडे बघा,” सर म्हणाले, आणि चौदा माणसं माझ्या बायकोकडे बघायला लागली. मंगळवार होता, सकाळचे पावणेसात, आणि कराटेच्या वर्गातला तिचा हा जेमतेम तिसरा आठवडा. तिचा पांढरा पट्टा अजून इतका कोरा होता की त्याची टोकं कमरेपाशी ताठ उभी राहायची. “ठोसा मारताना खांदे कुठे आहेत बघा. आहेत तिथेच आहेत. बस्स, एवढंच म्हणतोय मी,” सर म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच. पण मी तीन वर्षं त्या हॉलमध्ये जातोय, माझा पट्टा हिरवा आहे, आणि तीन वर्षांत माझ्याकडे बघा असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. सरांनी मला ‘हं’ म्हटलंय, ‘ठीक’ म्हटलंय, एकदा परीक्षेनंतर पाठीवर थापही मारली आहे. पण ती थाप त्या दिवशी पास झालेल्या सहाही जणांना मिळाली होती. मी हसलो. नवऱ्याने अशा वेळी हसायचं असतं, तसं, जरा अभिमानाने. शेजारी उभी असलेली दातांची डॉक्टर, तिचा पट्टा तपकिरी, माझ्याकडे वळून म्हणाली, “नशीबवान आहात हो.” मी म्हणालो, “हो ना.” आणि आधीच घट्ट असलेला पट्टा सोडून पुन्हा बांधला.

हा हॉल माझा होता. असं म्हणणं हास्यास्पद आहे हे मला कळतं. तो वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे, संध्याकाळी तिथे नाच शिकवतात, एका भिंतीला लांबच लांब आरसा आहे आणि लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या आहेत. तरी माझा. घरात माझं म्हणावं असं एक कपाट आहे आणि त्यातल्या खालच्या खणात तिचे स्वेटर असतात. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ‘काहीतरी सुरू करा’ म्हटल्यावर मी चालायला जाऊ शकलो असतो, पण चालताना ओळखीचे भेटतात. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. सकाळी साडेसहा ते साडेसात मी कुणाचा बाप नव्हतो, कुणाचा जावई नव्हतो, अनवाणी पायांनी फळीवर उभा असलेला एक माणूस होतो. घरी येऊन नाश्त्याला मी तिला सांगायचो, आज हे शिकलो, आज ते शिकलो, एकदा तर चहाचा कप बाजूला ठेवून तिला अडवण्याचा हात करूनही दाखवला. ती ऐकायची. आणि एका सकाळी म्हणाली, “मी पण येऊ का रे?” मी म्हणालो, “ये की.” दुसरं काय म्हणणार? नको म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तोंडातून काढता येण्यासारखं नव्हतं.

काता म्हणजे समोर कुणी नसताना केलेली मारामारी. हालचाली ठरलेल्या, क्रम ठरलेला, शत्रू हवेतले. पहिल्या कात्यात एकवीस हालचाली आहेत. डावीकडे वळा, अडवा, ठोसा, उलटे फिरा, अडवा, असं करत करत जिथून निघालो त्याच फुलीवर परत यायचं. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. मला तो नीट यायला आठ महिने लागले. पहिल्यांदा शिकताना हिने सरांना विचारलं होतं, “समोर कोण आहे असं समजू?” सर म्हणाले, “तुम्हाला हवं ते समजा,” तर ती हसली. काय हसली ते मला दिसलं नाही, मी मागच्या रांगेत होतो. पण तेव्हापासून ती ठोसा मारताना मी तिच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभा राहायला लागलो, समोर कोण आहे ते बघायला. तिथे कोणीही नसायचं, आरसा असायचा, आणि आरशात मी.

ती कपडे बेतते. एका मोठ्या शिवणकामाच्या कारखान्यात कापडाच्या थप्प्या टेबलावर पसरून त्यावर खडूने रेघा मारायच्या आणि कापायचं, दिवसाचे आठ तास, उभ्याने. एकदा बघते, खडू फिरवते, कापते. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, असं ती म्हणते, पण ते घाबरून म्हणत नाही, सहज म्हणते. मी लिफ्ट तपासतो. लिफ्ट मजल्याशी टेकते तेव्हा दोघांत किती फट राहते ते पट्टीने मोजायचं, दोर बघायचे, दारं बघायची, आणि फॉर्म भरायचा. आमच्या फॉर्मवर ‘दोष’ असा रकाना आहे. ‘गुण’ असा नाही. उत्तम लिफ्ट म्हणजे जिचा रकाना कोरा. वीस वर्षं हे काम केल्यावर माणूस कुठेही गेला तरी जिन्याने चढतो आणि जिन्याच्याही पायऱ्या वाकड्या दिसतात.

आमच्या वर्गाची एक रीत आहे. परीक्षेला कोण बसणार हे सर ठरवत नाहीत. नवशिक्याने वरच्या पट्ट्याचा एक बघणारा निवडायचा. त्या बघणाऱ्याने त्याचा काता दहा वेळा बघायचा, मध्ये एक अक्षर न बोलता, आणि दर वेळी गुलाबी कार्डावर तीन चुका लिहायच्या. तीनच, चार दिसल्या तरी तीन, दोन दिसल्या तरी तिसरी शोधायची. दहाव्या वेळेनंतर कार्डाखाली सही केली की माणूस तयार. सही नाही, तर परीक्षा नाही, पुढच्या खेपेला या, म्हणजे चार महिन्यांनी. सरांचं म्हणणं असं की यात शिकतो तो बघणारा. हिच्या कार्डाची वेळ आली तेव्हा डेंटिस्टबाई आपण होऊन म्हणाल्या, “मी बघेन हवं तर.” त्या फार चांगलं बघतात, लोक त्यांच्यासाठी थांबून राहतात. ही म्हणाली, “नको. हा बघेल,” आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. सर्वांसमक्ष. मला वाटलं, घरातलाच माणूस म्हणजे सही घरातच. मला वाटलं, हिला मी सोपा वाटतो.

तेव्हा मी ठरवलं की सोपं असायचं नाही. पहिल्या वेळी तीन चुका खऱ्या होत्या: कोपर बाहेर जातं, नजर खाली असते, मूठ सैल. तिने कार्ड वाचलं, “बरं,” म्हणाली, आणि चार दिवसांनी त्या तिन्ही गेलेल्या होत्या. दुसऱ्या वेळी आणखी तीन, त्याही खऱ्या. तिसऱ्या वेळी दोन खऱ्या. घरी स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या पट्ट्यात ती खुर्च्या सरकवून सराव करायची, आणि मी वर्तमानपत्राआडून तिच्या पावलांचे आवाज मोजायचो. मुलगी दुसऱ्या शहरात शिकते, तिला फोनवर हिने काता करून दाखवला, तर कार्टी मला म्हणते, “बाबा, आई तुझ्यापेक्षा भारी करते.” मी म्हणालो, “तुला काय कळतं त्यातलं?” तर म्हणे, “कळत नाही, पण तुझं बघताना मला भीती वाटायची की तू विसरशील. आईचं बघताना नाही वाटत.” फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाथरूममध्ये दाढीचं सामान आवरत बसलो. हेच आधीही झालं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तिला गाडी शिकवली. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात, मी शेजारी बसून हात हवेत धरून, क्लच, क्लच म्हणत. महिन्याभरात ती अशा फटीत गाडी लावायला लागली की मी बाहेर उभा राहून हाताने खुणा करायचो आणि तिला त्यांची गरज नसायची. तरी मी करत राहायचो. रस्त्यावरच्या लोकांना वाटावं की लावली ती मी. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं होतं की शिकवणाऱ्याचं यश ते हेच. आता तेही सांगता येईना, कारण हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

चौथ्या वेळेपासून मला चुका सापडेनात. हे मी आज कबूल करतो. तेव्हा मी स्वतःशी म्हणत होतो की सूक्ष्म चुका आहेत, वरवर बघणाऱ्याला दिसायच्या नाहीत. ‘श्वास उशिरा.’ ‘निर्धार कमी.’ कार्डावर ‘निर्धार कमी’ लिहिताना मला आत कुठेतरी गोड वाटलं, हेही खरं. ती वाचून म्हणाली, “निर्धार म्हणजे कसा रे?” मी म्हणालो, “ते सांगून येत नाही.” असल्या वाक्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, दुसरं कुणी बोललं तर. आणि पाचव्या वेळेच्या दिवशी वर्ग संपल्यावर मी कपडे बदलून बाहेर आलो, तर आरशापाशी सर आणि ही बोलत उभे. सरांनी काहीतरी विचारलं, हिने मान हलवली, नाही अशी, हसत; सर पण हसले आणि खांदे उडवले. अर्ध्या मिनिटाचा प्रकार. पायऱ्या उतरताना मी विचारलं, “काय म्हणत होते?”

“काही नाही रे, कार्डाचं.”

“कार्डाचं म्हणजे?”

“किती वेळा झालं विचारत होते.”

हे विचारायला हसावं लागतं? तीन दिवस मी ते हसू उलटंसुलटं करून बघितलं. चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या छतावर उभा राहून दोर तपासताना मला ते आठवलं आणि मी एक दोर दोनदा मोजला. संशय घेण्यासारखं काही नव्हतं, सरांचं वय बासष्ट, घरी आजारी बहीण, आणि सकाळच्या त्या उजेडात कुणाचंही कुणाशी काही जमेल असं वाटत नाही. मला जळायला तेवढंही लागत नव्हतं. सर तिच्याशी बोलले याचा मला राग होता, आणि ती सरांशी बोलली याचाही, आणि हे दोन वेगळे राग होते. पहिल्यात मला सर हवे होते आणि दुसऱ्यात ती. दोन्हीकडून मीच बाहेर. त्या आठवड्यात मी तिच्याशी नीट बोललो नाही. तिने दोनदा विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” मी म्हणालो, “कामाचा ताण आहे.”

आठव्या वेळी मात्र मला खरी चूक सापडली. निदान मला तसं वाटलं. कात्याच्या मध्यावर एक ओरड आहे, पोटातून दिलेली, आणि तिच्यानंतर मोठं वळण, पाठ फिरवून जवळजवळ पूर्ण गिरकी. सर ती ओरड दिल्यावर क्षणभर थांबतात आणि मग वळतात. तो थांबा मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. मागे शत्रू आहे हे कळणं, ते अंगात उतरू देणं, आणि मग वळणं. सगळा काता मला त्या एका क्षणात आहे असं वाटायचं. तो मी महिनोन् महिने घोटला होता, घरी, कचेरीत, लिफ्टची वाट बघताना. कुणी शिकवला नव्हता, मी हेरला होता. आणि ही मात्र ओरड दिली की सरळ वळायची. मी कार्डावर लिहिलं, ‘मोठ्या वळणाआधी थांबत नाही,’ खाली रेघ मारली, आणि त्या दिवशी दुसरी-तिसरी चूक लिहिताना हातही अडखळला नाही. तिने वाचलं. “इथे थांबायचं असतं?” तिने विचारलं. मी म्हणालो, “सरांचं बघ.”

तिने बघितलं असणार, कारण पुढच्या गुरुवारी ती थांबली. अगदी सरांसारखी. सर रांगांमधून चालत होते, ते जागच्या जागी उभे राहिले. “हे कुठून आलं?” त्यांनी विचारलं. मी मागच्या रांगेत. माझी मान आपोआप खाली गेली. आता ती माझ्याकडे हनुवटी करणार. ती म्हणाली, “तुमचंच बघून केलं, सर.” सर हसले, मोठ्याने, आणि वाकून त्यांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर दोन चापट्या मारल्या. “अहो, हा गुडघा आहे माझा! अकरा वर्षांपूर्वी गेलेला. थांबल्याशिवाय वळता येत नाही मला. काता नाही तो, म्हातारपण आहे!” सगळे हसले. मीही हसलो. तिने वळूनसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला वाचवलं याचाच मला जास्त संताप आला. रागावली असती तर मला काहीतरी मिळालं असतं. पण खरं दुखणं निराळंच होतं. तीन वर्षं मी या माणसाच्या गुडघ्यासकट काता करत होतो, त्याच्या डोळ्यांसमोर, आठवड्यातून तीन वेळा. तिचा थांबा त्याला एका दिवसात दिसला. माझा कधीच दिसला नव्हता.

दहावी वेळ शुक्रवारी झाली, परीक्षा रविवारी. वर्गानंतर हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. तिने फुलीवर उभं राहून वाकून नमस्कार केला, आणि एकवीस हालचाली केल्या, थांबा न घेता, आणि फुलीवर परत आली, बोटभरही इकडेतिकडे नाही. मला ते सुंदर वाटलं. हे मी टाळू शकलो नाही. आणि ते वाटलं त्याच क्षणी माझा हात लिहायला लागला: ‘लय तुटते. नजर अनिश्चित. आत्मविश्वास दिखाऊ.’ आणि सहीच्या जागी, ‘तयारी अपुरी’. दिखाऊ हा शब्द कुठून आला मला ठाऊक नाही. तिने कार्ड वाचलं. तिला वाचायला वेळ लागला. मग म्हणाली, “बरं,” आणि पट्ट्याची गाठ सोडत, “मग अजून एकदा बघशील ना?” मी म्हणालो, “एकदा बघून काय होणार आहे?” तिला कामावर जायचं होतं. ती पिशवी घेऊन गेली, कार्ड नेलं नाही, खिडकीत ठेवून गेली.

मी खाली उतरलो तर शेवटच्या पायरीवर सर बसले होते, बुटांच्या नाड्या बांधत. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागतो. “झाली का सही?” वर न बघता त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “अजून थोडी कच्ची आहे.” त्यांनी नाडी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं असं मला वाटलं, आणि ते नको होतं. “कच्ची,” ते म्हणाले. “पाचव्या वेळेलाच मी तिला म्हणालो होतो, रीत राहू दे, आणा ते कार्ड, मी करतो सही. तिने दिलं नाही.”

“का?”

“मला काय माहीत? तुमची बायको.” त्यांनी दुसरा बूट घेतला. “म्हणाली, नको सर, तो बघतोय ना, दहाही वेळा बघू दे. एरवी कुठे बघतो.”

मी त्यांना काहीतरी बोललो असेन. दिवसभर मी एका इस्पितळाच्या चार लिफ्ट तपासल्या आणि चारही फॉर्म कोरे दिले. वरिष्ठाने फोन करून विचारलं की तू ठीक आहेस ना. एरवी कुठे बघतो. मी आठवायला लागलो. कालच्या दिवशी तिने काय घातलं होतं ते मला आठवेना. कापताना ती खडू कोणत्या हातात धरते ते आठवेना, आणि मी तिच्या कारखान्यात एकदाच गेलो होतो, छत्री द्यायला, दारातूनच. पण ठोसा मारताना तिच्या मानेवरची शीर कशी वर येते, ओरड देण्याआधी खालचा ओठ कसा आत जातो, वळताना डावा पाय फळीवरून कसा घसटत येतो, हे मला पाठ होतं. हे सगळं मी चुका शोधताना गोळा केलेलं होतं. दहा वेळा, प्रत्येकी पाऊण मिनिट. साडेसात मिनिटं. तिने ती मागून घेतली होती, आणि त्यांच्या बदल्यात तीस चुका पत्करल्या होत्या, त्यांतल्या वीसेक मी घरी बनवलेल्या.

शनिवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा बैठकीतल्या खुर्च्या मी भिंतीला लावून ठेवल्या होत्या. कार्ड टेबलावर होतं. हॉलमध्ये परत जाऊन आणलं होतं. ‘तयारी अपुरी’ खोडून मी खाली सही केली होती, तारखेसकट, नाव वाचता येईल अशी. तिने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “न बघताच?”

“बघतो ना आता. कार्डासाठी नाही. असंच.”

“असंच?” ती म्हणाली, आणि जरा लाजली, म्हणजे मला तसं वाटलं, केस मागे बांधायला तिला उगाच जास्त वेळ लागला. मी समोर खाली बसलो. पेन मुद्दाम आतल्या खोलीत ठेवून आलो होतो. ती उभी राहिली, वाकली, आणि सुरू झाली. मी ठरवलं होतं की फक्त बघायचं. चेहरा बघायचा. तिचा चेहरा खरोखर शांत होता, दमलेला, आठ तास उभं राहून आलेल्या माणसाचा, आणि मी तो बघत होतो, मला तो आवडत होता. आणि मग परतीच्या तीन ठोशांपैकी दुसऱ्या ठोशाला तिची मागची टाच जमिनीवरून सुटली. बोटभर. चांगली दिसण्यासारखी. खरी चूक. इतक्या आठवड्यांनी खरीखुरी, कुणीही कबूल करील अशी चूक, आणि माझ्या छातीत असा आनंद उसळला की मला हात मांडीखाली दाबून धरावे लागले. मला स्वतःची किळस आली, पण आनंद काही जाईना. दोन्ही बरोबरच राहिले. तिने तिसरा ठोसा मारला, वळली, अडवलं, आणि फुली नसलेल्या आमच्या फरशीवर जिथून निघाली होती तिथे येऊन उभी राहिली.

नाही सांगायचं, मी ठरवलं. एवढं तरी मी करू शकतो. आयुष्यात एक चूक दिसूनही गिळायची. हे ठरवताना मला जवळजवळ उदार वाटलं.

ती धापा टाकत होती. “कसं झालं?”

“छान,” मी म्हणालो. “फार छान.”

“दुसऱ्या ठोशाला टाच उचलली गेली ना?”

“नाही तर.”

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. रागाने नाही.

“म्हणजे आजही बघत नव्हतास,” ती म्हणाली, आणि खुर्च्या जागेवर ठेवायला लागली.